लिनक्स सुरू होताना रूट फाइलसिस्टीम कशी माउंट होते: नवख्यांसाठी पायरीपायरीने

लिनक्स सुरू होता होता अडकतं, काळ्या पडद्यावर कंसात ‘इनिटरॅमएफएस’ एवढाच शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर उरतो, तेव्हा बरेच जण सरळ नव्याने इन्स्टॉल करायला घेतात. तशी गरज क्वचितच असते. बहुतेक वेळा डेटा जागेवर असतो आणि कर्नलही (लिनक्सचा गाभा) व्यवस्थित चालू झालेला असतो. राहिलेलं असतं ते एकच काम, ‘/’ या जागी (सगळ्या फाइली-फोल्डरांचं मूळ, म्हणजे रूट) खरी डिस्क आणून बसवण्याचं, म्हणजेच माउंट करण्याचं. हे काम एका झटक्यात होत नाही, हातोहात होतं. बूटलोडर (कर्नलला मेमरीत आणणारा प्रोग्राम) कर्नलच्या हाती देतो, कर्नल इनिटरॅमएफएसच्या (मेमरीत उलगडणारं छोटं तात्पुरतं लिनक्स) आणि इनिटरॅमएफएस सिस्टीमडीच्या (बाकीची सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम). पडद्यावरची शेवटची ओळ वाचून साखळी कोणत्या हातापाशी तुटली हे ओळखता आलं, की दुरुस्ती फार अवघड राहत नाही.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत टाइप करायची.

पायरी १: आधी धडधाकट मशीन बघा

बिघडलेल्या मशीनवर शिकायला बसू नका. जे लिनक्स नीट चालतंय त्यावर टर्मिनल उघडा आणि या तीन कमांड द्या:

फाइंडएमएनटी /
एलएसबीएलके -एफ
कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन

पहिली कमांड सांगते की या क्षणी ‘/’ वर काय माउंट आहे: कोणतं पार्टिशन (डिस्कचा भाग), कोणती फाइलसिस्टीम (त्यावर फाइली मांडण्याची पद्धत), कोणते पर्याय. दुसरी सगळ्या डिस्क, त्यांची पार्टिशनं आणि प्रत्येकावरच्या फाइलसिस्टीमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा वेगळा ओळखक्रमांक, दाखवते. तिसरीत बूटलोडरने कर्नलला दिलेली ओळ जशीच्या तशी दिसते. त्या ओळीत साधारणपणे ‘रूट=यूयूआयडी=’ आणि त्यापुढे लांबलचक आकडा असतो. तो एलएसबीएलकेच्या यादीत शोधा. ज्या पार्टिशनसमोर तो सापडेल, तेच तुमचं रूट.

आता एक गंमत पाहा. बऱ्याच वितरणांत (डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांत) कर्नलच्या ओळीत ‘आरओ’ म्हणजे फक्त वाचण्यापुरतं असं लिहिलेलं असतं, पण फाइंडएमएनटीच्या पर्यायांत ‘आरडब्ल्यू’ दिसतं. म्हणजे मधे कुणीतरी हा पर्याय बदलला. शिवाय तो लांबलचक यूयूआयडी वाचून ‘हे म्हणजे एसडीए२’ (पहिल्या डिस्कचं दुसरं पार्टिशन) असा उलगडाही कुणीतरी केला. हे दोन ‘कुणीतरी’ कोण, एवढं कळलं तरी पुढचं सगळं सोपं आहे.

पायरी २: बूटलोडर काय करतो, काय करत नाही

बायॉस किंवा यूईएफआय, म्हणजे मशीनमध्येच बसवलेला प्रोग्राम, बूटलोडरला सुरू करतो. पुष्कळ ठिकाणी तो ग्रब असतो. ग्रब डिस्कवरून दोन फाइली मेमरीत आणतो, एक कर्नल आणि दुसरी इनिटरॅमएफएसची. डेबियन आणि उबुंटूत या दुसऱ्या फाइलीचं नाव ‘इनिटआरडी.आयएमजी’ने सुरू होतं, फेडोरात ‘इनिटरॅमएफएस’ने. मग सोबत ती कमांडलाइन देऊन तो कर्नलला सुरू करतो. ग्रबचं काम इथे संपतं. रूट फाइलसिस्टीम तो माउंट करत नाही.

इथे नवख्यांची हमखास गल्लत होते. ग्रबच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘रूट’ दोन ठिकाणी येतं. ‘सर्च’ने सुरू होणाऱ्या ओळीतलं ‘--सेट=रूट’ हे ग्रबचं स्वतःचं आहे, कर्नलची फाइल कोणत्या पार्टिशनवर शोधायची ते त्यातून ठरतं. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतलं ‘रूट=’ मात्र ग्रब वाचतही नाही, कर्नलकडे तसंच्या तसं पोहोचवतो. ‘/बूट’चं पार्टिशन वेगळं असेल तर या दोन ठिकाणचे यूयूआयडीही वेगळे असतात. ते ‘सारखे करायला’ गेलात तर चालतं मशीन बंद पडेल.

पायरी ३: कर्नलकडे आधीपासूनच एक ‘/’ असतो

‘रूट माउंट होण्यापूर्वी ‘/’ वर काय असतं?’ या प्रश्नावर बहुतेकांचं उत्तर ‘काहीच नाही’ असं असतं. ते बरोबर नाही. कर्नल सुरू होताच मेमरीत एक छोटी फाइलसिस्टीम तयार करतो, तिचं नाव रूटएफएस. ती रॅमएफएस किंवा टीएमपीएफएस या प्रकारची असते आणि तिला कधीही अनमाउंट करता येत नाही. तुम्ही आत्ता ज्या ‘/’ वर काम करताय, तो तिच्याच वर बसवलेला आहे.

बूटलोडरने आणलेली इनिटरॅमएफएसची फाइल म्हणजे सीपीआयओ प्रकारचं आर्काइव्ह, बहुधा जीझिप किंवा झेडएसटीडीने दाबलेलं. कर्नल ते रूटएफएसमध्ये उलगडतो. आत ‘/इनिट’ नावाची फाइल सापडली तर तीच १ क्रमांकाची प्रोसेस म्हणून चालवतो आणि पुढची जबाबदारी तिच्यावर सोडतो. ही रचना कर्नलच्या २.६ मालिकेपासून आहे.

‘/इनिट’ सापडलीच नाही तर? मग कर्नल जुन्या पद्धतीने ‘रूट=’मध्ये लिहिलेलं पार्टिशन स्वतः माउंट करून बघतो. पण त्याला ‘यूयूआयडी=’ ही भाषा कळत नाही. ‘/डेव्ह/एसडीए२’ किंवा ‘पार्टयूयूआयडी=’ एवढं कळतं. कारण साधं आहे. पार्टिशनचा ओळखक्रमांक पार्टिशन टेबलमधून निघतो आणि ते टेबल कर्नलला तसंही वाचावंच लागतं. फाइलसिस्टीमचा यूयूआयडी मात्र त्या त्या फाइलसिस्टीमच्या पोटात, प्रत्येक प्रकारात वेगळ्या जागी असतो. तो शोधून काढण्याचं काम कर्नलने बाहेरच्या प्रोग्रामवर सोडलंय.

रास्पबेरी पायच्या ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ फाइलमध्ये ‘रूट=पार्टयूयूआयडी=’ दिसतं, त्याचा उलगडा इथे होतो. ही ओळ इनिटरॅमएफएसशिवायही चालते. तिच्यात ‘रूटवेट’ हा शब्दही असतो. एसडी कार्ड ओळखलं जायला क्षणभर वेळ लागतो, तोवर कर्नलने घाई न करता थांबावं म्हणून तो घातलेला असतो.

मग सगळीकडेच कर्नलला थेट माउंट करू द्यायला काय हरकत आहे? अडचण अशी की डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरची मॉड्यूल फाइल ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये, आणि ‘/लिब’ त्याच डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली म्हणायची. सगळे ड्रायव्हर कर्नलमध्येच कोंबले तर तो अवाढव्य होतो. त्यात डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर पासवर्ड विचारायलाही कुणीतरी हवं. म्हणून लागणाऱ्या मोजक्या वस्तू इनिटरॅमएफएसमध्ये आधीच भरून ठेवतात.

पायरी ४: इनिटरॅमएफएसच्या आत डोकवा

ही फाइल न उलगडता आतली यादी बघता येते. डेबियन किंवा उबुंटूत ‘एलएसइनिटरॅमएफएस’ आणि पुढे फाइलीचं नाव, फेडोरात ‘सुडो एलएसइनिटआरडी’, आर्चमध्ये ‘एलएसइनिटसीपीआयओ’. यादी लांब असते, पण एकदा सावकाश वाचाच. डिस्क कंट्रोलरची मॉड्यूल्स, फाइलसिस्टीमची मॉड्यूल्स, यूडेव्ह (हार्डवेअर ओळखणारा प्रोग्राम), माउंट, एफएससीके (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारा). रूट एनक्रिप्टेड (कुलूपबंद) असेल तर ते उघडणारा क्रिप्टसेटअप, एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटण्याची पद्धत) वापरत असाल तर त्याची हत्यारं. छोटं का होईना, आख्खं लिनक्स आहे ते.

‘/इनिट’ ही डेबियनमध्ये शेल स्क्रिप्ट असते. फेडोरात त्या जागी सिस्टीमडीच बसवलेला असतो. दोन्हीकडे कामाचा क्रम साधारण सारखाच. आधी ‘/प्रॉक’, ‘/सिस’ आणि ‘/डेव्ह’ माउंट होतात, कारण यांच्याशिवाय कमांडलाइनही वाचता येत नाही. मग यूडेव्ह सुरू होतो, हार्डवेअर बघून लागतील ती मॉड्यूल्स लोड करतो आणि प्रत्येक डिस्कच्या पोटातला यूयूआयडी वाचून ‘/डेव्ह/डिस्क/बाय-यूयूआयडी’मध्ये दुवे तयार करतो. यूयूआयडीचा उलगडा करणारा ‘कुणीतरी’ हा.

‘एसडीए२’ असं सरळ नाव न लिहिता हा द्राविडी प्राणायाम करायचं कारण म्हणजे ती नावं पक्की नसतात. डिस्क ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने नावं मिळतात. एक पेनड्राइव्ह लावून ठेवला तरी कालची एसडीए आज एसडीबी होऊ शकते. यूयूआयडी मात्र फाइलसिस्टीम नव्याने फॉरमॅट करेपर्यंत तोच राहतो. त्यातही एक खाच आहे. डीडी या कमांडने डिस्कची हुबेहूब प्रत काढली तर यूयूआयडीचीही प्रत होते. दोन्ही डिस्क जोडून मशीन सुरू केलं तर कोणती रूट होईल हे नशिबावर.

आता इनिट वाट बघतो. रूटचं पार्टिशन दिसेपर्यंत, एनक्रिप्शन असेल तर पासवर्ड मिळेपर्यंत, रेड (अनेक डिस्क मिळून एक) असेल तर त्याच्या डिस्क गोळा होईपर्यंत. ठरलेल्या वेळात काहीच हाती लागलं नाही की तो हात टेकतो आणि तुम्हाला शेल उघडून देतो. सुरुवातीला म्हटलेला काळा पडदा तो हाच. म्हणजे तिथे पोहोचलात तर एवढं नक्की की ग्रब ठीक आहे, कर्नल ठीक आहे, इनिटरॅमएफएस उलगडलेलं आहे.

पायरी ५: माउंट आणि अदलाबदल

पार्टिशन सापडलं की ते लगेच ‘/’ वर येत नाही, आधी एका तात्पुरत्या जागी माउंट होतं. डेबियनच्या इनिटरॅमएफएसमध्ये ती जागा ‘/रूट’, फेडोरात ‘/सिसरूट’. कमांडलाइनमध्ये ‘आरओ’ असेल तर माउंट फक्त वाचण्यापुरतं असतं. ‘रूटफ्लॅग्ज=’मध्ये दिलेले पर्याय याच वेळी लागू होतात. बीटीआरएफएस ही फाइलसिस्टीम वापरणाऱ्यांच्या ओळीत दिसणारं ‘रूटफ्लॅग्ज=सबव्हॉल=@’ त्यासाठीच असतं, नाहीतर भलतंच सबव्हॉल्यूम (त्या फाइलसिस्टीमच्या आतला स्वतंत्र कप्पा) रूट म्हणून येईल.

त्यानंतर स्विच-रूट होतं. रूटएफएसमधल्या फाइली पुसून मेमरी मोकळी केली जाते, नवी फाइलसिस्टीम ‘/’ वर सरकवली जाते आणि तिच्यातली ‘/एसबिन/इनिट’ सुरू होते. नवी प्रोसेस जन्माला येत नाही, १ क्रमांकाचीच प्रोसेस आपलं रूप बदलते. बहुतेक वितरणांत हा इनिट म्हणजे सिस्टीमडी.

पायरी ६: ‘आरओ’चं ‘आरडब्ल्यू’

सिस्टीमडी आता ‘/ईटीसी/एफएसटॅब’ (काय कुठे माउंट करायचं याची यादी) वाचतो. एफएसटॅब रूटवरच आहे, म्हणून रूट माउंट झाल्याशिवाय ही फाइल वाचणं शक्यच नव्हतं. त्यात ‘/’ची जी ओळ असते तिच्यातल्या पर्यायांनुसार रूट पुन्हा माउंट होतं आणि लिहिता येण्याजोगं होतं. हा दुसरा ‘कुणीतरी’. सुरुवातीला ‘आरओ’ ठेवण्यामागे हेतू असा की एफएससीकेला फाइलसिस्टीम तपासायची तर त्या वेळी तिच्यावर कुणी लिहीत नसलेलं बरं.

‘/होम’सारखी इतर पार्टिशनंही याच टप्प्यात येतात. सुरू होताना दीड मिनिटाचा उलटा काटा दिसला आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ आला, तर रूटला दोष देऊ नका. रूट केव्हाच माउंट झालंय. एफएसटॅबमधलं दुसरंच एखादं पार्टिशन सापडत नाहीये आणि सिस्टीमडी ९० सेकंद त्याची वाट बघून थकलाय. रूट या वापरकर्त्याचा पासवर्ड विचारला तर द्या, ‘/’ लिहिता येत नसेल तर ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ करा आणि एफएसटॅबमधली ती ओळ सुधारा. कायम जोडलेली नसणारी डिस्क असेल तर पर्यायांत ‘नोफेल’ घाला.

पायरी ७: मुद्दाम मधेच थांबवून बघा

वाचून जेवढं समजतं त्याच्या दुप्पट हे करून समजतं. व्हर्च्युअल मशीनमध्येच करा. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी डेबियन-उबुंटूत ‘ब्रेक=प्रीमाउंट’ किंवा फेडोरात ‘आरडी.ब्रेक’ लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे मशीन बिघडत नाही.

प्रीमाउंटला थांबलात की ‘एलएस /रूट’ द्या, रिकामं दिसेल. ‘बीएलकेआयडी’ देऊन पार्टिशनं बघा. ‘एक्झिट’ म्हटलं की गाडी पुढे चालू लागते. पुढच्या खेपेला ‘ब्रेक=बॉटम’ द्या, या वेळी त्याच ‘/रूट’मध्ये तुमचं सगळं लिनक्स दिसेल. फेडोराचं ‘आरडी.ब्रेक’ थेट अदलाबदलीच्या तोंडाशी थांबतं, तिथे ‘/सिसरूट’ बघा. दोन वेगवेगळ्या ‘/’ची कल्पना डोक्यात पक्की बसते ती इथेच.

पायरी ८: अडकलं तर ओळ वाचा

‘व्हीएफएस: अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ आणि कर्नल पॅनिक. ही ओळ दिसली म्हणजे कर्नल स्वतः माउंट करायला गेला, अर्थात इनिटरॅमएफएस मिळालंच नाही किंवा अर्धवट होतं. दोन शून्यांचा अर्थ कोणतंच डिव्हाइस हाती नाही. नेहमीचं कारण फार साधं असतं: ‘/बूट’ पार्टिशन भरलेलं असताना कर्नल अपडेट झाला आणि नवं इनिटरॅमएफएस पूर्ण लिहिलंच गेलं नाही. ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. मशीन सुरू झालं की ‘डीएफ -एच /बूट’ बघा, नको असलेले जुने कर्नल पॅकेज मॅनेजरमधून काढा आणि इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा. त्यासाठी डेबियन-उबुंटूत ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’, फेडोरात ‘सुडो ड्रॅकट -एफ’ आणि पुढे ‘--रीजनरेट-ऑल’, आर्चमध्ये ‘सुडो एमकेइनिटसीपीआयओ -पी’, यातला ‘पी’ मोठ्या लिपीतला. कंसात शून्यांऐवजी (८,२) असे आकडे असतील तर गोष्ट वेगळी. ८ हा एसडी डिस्कचा क्रमांक आणि २ म्हणजे पहिल्या डिस्कचं दुसरं पार्टिशन. डिस्क दिसली, पण तिच्यावरची फाइलसिस्टीम कर्नलला वाचता आली नाही.

‘अलर्ट! यूयूआयडी=... डज नॉट एक्झिस्ट’ आणि इनिटरॅमएफएसचा शेल. इथे ‘बीएलकेआयडी’ द्या. डिस्क दिसतच नसेल तर ड्रायव्हर, केबल किंवा बायॉसमधलं डिस्क कंट्रोलरचं सेटिंग बघायचं. डिस्क दुसऱ्या मशीनमधून आणून लावली असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्या. ड्रॅकटचं इनिटरॅमएफएस फेडोरात मूळ मशीनपुरतेच ड्रायव्हर भरून बनतं, अशा वेळी ग्रबमधली ‘रेस्क्यू’ची नोंद उपयोगी पडते, तिच्यात सगळे भरलेले असतात. डिस्क दिसते पण यूयूआयडी निराळाच, असं असेल तर पार्टिशन फॉरमॅट झालंय किंवा नवीन डिस्कवर नुसत्या फाइली उतरवल्या आहेत. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून खरा यूयूआयडी लिहा, मशीन सुरू करा, मग एफएसटॅब दुरुस्त करून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा.

‘टार्गेट फाइलसिस्टीम डझन्ट हॅव रिक्वेस्टेड /एसबिन/इनिट’. काहीतरी माउंट झालंय, पण ते रूट नाही. बहुधा ‘/होम’चं पार्टिशन किंवा चुकीचं सबव्हॉल्यूम.

‘अनएक्स्पेक्टेड इन्कन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’. ओळीत नाव दिलेल्या पार्टिशनवर, उदाहरणार्थ, ‘एफएससीके /डेव्ह/एसडीए२’ चालवा. मात्र डिस्क आधीपासून कुरकुरत असेल, वाचण्याच्या चुका वर सरकताना दिसत असतील, तर थांबा. एफएससीके डिस्कवर लिहितो, आणि मरणासन्न डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलासुरला डेटा घालवणं. आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा.

पायरी ९: शेलमधूनही जमत नसेल तर

लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करा आणि इनिटरॅमएफएस जे करतं तेच हाताने करा. रूट एसडीए२ वर आणि ईएफआयचं (बूटलोडर ठेवलेलं) पार्टिशन एसडीए१ वर आहे असं धरून:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
सुडो माउंट --आरबाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक
सुडो माउंट --आरबाइंड /सिस /एमएनटी/सिस
सुडो सीएचरूट /एमएनटी

सीएचरूटच्या आत गेलात की तुम्ही तुमच्याच सिस्टीममध्ये आहात. तिथे इनिटरॅमएफएस नव्याने बनवा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा, एफएसटॅब बघा. ‘/बूट’चं पार्टिशन वेगळं असेल तर रूटनंतर लगेच, ईएफआयच्या आधी, ते ‘/एमएनटी/बूट’वर माउंट करायला विसरू नका. नाहीतर नवं इनिटरॅमएफएस रूटवरच्या रिकाम्या ‘/बूट’ फोल्डरमध्ये लिहिलं जाईल, कमांड कुठलीच तक्रार करणार नाही आणि ग्रब मात्र जुनीच मोडकी फाइल उचलत राहील. रूट एनक्रिप्टेड असेल तर आधी ‘क्रिप्टसेटअप ओपन’ने ते उघडा आणि नाव तेच द्या जे ‘/ईटीसी/क्रिप्टटॅब’मध्ये लिहिलंय. नाव वेगळं दिलं तर इनिटरॅमएफएस बनताना ते पार्टिशन ओळखलं जात नाही आणि पासवर्ड विचारण्याची सोयच आत भरली जात नाही.

बाहेर पडण्यापूर्वी सीएचरूटमध्येच ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ द्या. एफएसटॅबमधली प्रत्येक ओळ तपासून कुठे घोळ आहे ते ही कमांड सांगते. मग ‘एक्झिट’ आणि रीबूट. मशीन वर आलं की पहिल्या पायरीतल्या तिन्ही कमांड पुन्हा देऊन यूयूआयडी जुळतोय ना ते बघा आणि ‘जर्नलसीटीएल -बी -के’मध्ये रूटच्या डिस्कचं नाव शोधा. त्याच ओळींच्या आसपास वाचण्या-लिहिण्याच्या चुका दिसल्या, तर दुरुस्ती झाली तरी ती डिस्क बदलायलाच हवी.